पाहुण्यांच्या ताटावरची तीन अक्षरं

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगून टाकतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी गेली दोन वर्षं हे सदर बसमध्ये उभ्याने वाचत आले आहे आणि त्या वाक्याला दर वेळी हसत आले आहे. विश्वास नव्हता तर अमावस्येला त्या विहिरीवर काय करत होतात, असं विचारावंसं वाटायचं. तर आता माझी पाळी. माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही... भुतांवर नाही, बाबांवर नाही, राशींवर तर नाहीच. फक्त एका स्टीलच्या ताटाबद्दल मला काही सांगता येत नाही, एवढंच.

विहीर नाही, अमावस्या नाही. सगळं हडपसरला घडलं – गाडीतळापासून आत चालत दहा मिनिटांवर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या वेळेला.

आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर ताटाचं काही कळणार नाही.

मी संस्थेत वाढले. ज्यांचं कोणी नाही अशा मुलींची संस्था. गाव सांगत नाही. वाईट काही नव्हतं तिथे – दोन वेळचं जेवण, शाळा, बरी लायब्ररी आणि देणगीदार. देणगीदार सगळीकडे होते. पंख्यांच्या पात्यांवर होते, बाकांच्या पाठीवर होते. पाण्याच्या टाकीवर एका कुटुंबाच्या तीन पिढ्या होत्या. ट्यूबलाइटवर एकाने इतकं मोठं नाव रंगवून घेतलं होतं की प्रकाश नावाच्या दोन्ही बाजूंनी कसाबसा बाहेर यायचा. ताटांवर तर होतेच. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' मी सातवीपर्यंत एका कैलासवासी वकिलांच्या ताटात जेवले. आमटी संपली की ते दिसायचे.

माझं नावसुद्धा देणगीतलं आहे. एका गृहस्थांनी स्वयंपाकघर बांधून दिलं ते एका अटीवर – यानंतर जी मुलगी येईल तिला आमच्या आईचं नाव द्यायचं. यानंतर मी आले. म्हणून मी वत्सला. माझ्या वर्गात तीन अनन्या, दोन श्रेया आणि मी. नवीन शिक्षक हजेरी घेताना 'वत्सला' म्हणाले की दारात कोणाच्या आजी आल्यात का ते आधी बघायचे. ते गृहस्थ वर्षातून एकदा यायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढायचे आणि बाईंना विचारायचे, "काय, आमची आई अभ्यासात कशी आहे?"

आणखी एक प्रसंग सांगते. मी नऊ वर्षांची असताना कंपासपेटीतल्या कर्कटकाने ताटाच्या मागे माझं नाव कोरलं होतं. का, ते आठवत नाही. बहुधा आपलंही कुठेतरी असावं म्हणून. ते सापडलं. मला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं. बाई रागीट नव्हत्या, शांतपणे म्हणाल्या, "वत्सला, दुसऱ्याच्या ताटावर आपलं नाव घालायचं नसतं." मारलं असतं तर मी विसरून गेले असते.

अठराव्या वर्षी निरोप समारंभ झाला, दोन भाषणं झाली आणि मला एक सुटकेस मिळाली. तिच्यावर पिवळ्या ऑइलपेंटने 'सप्रेम भेट' आणि खाली नाव होतं. अर्थात माझं नाही.

पुण्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी मिळाली. कॉट मिळेना. प्रत्येक फॉर्मवर पालकांची सही लागायची. एका काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू दिवाळीला कुठे जाणार? आम्हाला दिवाळीत घर मोकळं लागतं." पुण्यात नकारसुद्धा असा नीट कारण देऊन देतात.

शेवटी दवाखान्यातल्या एका पेशंटनेच, मेहरूनचाचींनी, "आमच्याकडे एक खोली आहे, बघून जा," म्हटलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिखट खातेस का?" मी म्हटलं, खाते. मग मीच विचारलं, पालकांची सही नको का? त्या म्हणाल्या, "अगं, आम्हाला तर पालक, आजोबा, सगळे असूनसुद्धा कोणी भाड्याने घर देत नव्हतं. म्हणून मग विकतच घ्यावं लागलं."

चाचींचे मिस्टर इस्माईलचाचा. चाळीस वर्षं पेठेत भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून त्यांनी भांड्यांवर नावं घातली. छिन्नी आणि इवलीशी हातोडी. मशिनं आली तेव्हा शेजारचे सगळे मशीनवर गेले, चाचा गेले नाहीत. "मशीन खरवडतं. मी लिहितो," असं त्यांचं मत. पुण्यातल्या निम्म्या लग्नांतले चि. सौ. कां. आपल्या हाताखालून गेलेत असं ते सांगतात आणि 'प्रीत्यर्थ' चुकीचं लिहून आणणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी परत पाठवल्याचंही सांगतात. आता हात कापतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी बशीत अर्धा चहा असतोच. हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा माळ्यावर.

त्यांची एक खासियत होती. बाकीचे कारागीर आधी वरची आडवी रेघ ओढून घेतात आणि मग त्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं टांगतात. चाचा आधी अक्षरं उभी करायचे आणि रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. "भिंती उभ्या राहिल्याशिवाय छप्पर घालतं का कोणी?" म्हणायचे.

त्यांच्या घरी प्रत्येकाचं स्वतःचं ताट होतं. चाचींचं – निकाहच्या वर्षाचं. मुलगी नसरीनआपा – ती तेव्हा नाशिकला नोकरीला होती – तिचं, जन्माच्या सालासकट. चाचांचं स्वतःचं. आणि तीन कोरी ताटं पाहुण्यांसाठी. पहिल्या दिवशी चाचींनी मला त्यातलं एक दिलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्याही स्मरणार्थ जेवत नव्हते.

"पाहुण्यांच्या ताटांवर का नाही घातलं काही?" मी एकदा विचारलं होतं.

"पाहुणे जातात," चाचा म्हणाले. "गेलेल्या माणसाचं ताट घरात ठेवून काय करायचं? घरात आलेल्याचं नाव घालतो मी."

मी मान हलवली. मी कॉटचं भाडं देत होते, त्यामुळे मी यातल्या कुठल्या रकान्यात बसते हे मला स्पष्ट होतं.

साधारण चार महिने झाल्यावर चाचींना ताप आला. मी खिचडी टाकली. मीठ मी घातलं, मग चाचींनी तापातच उठून पुन्हा घातलं. आम्ही तिघांनी ती खाल्ली. चाचा एवढंच म्हणाले, "समुद्रकिनारी गेल्यासारखं वाटलं. बऱ्याच वर्षांत गेलो नव्हतो."

जेवण झाल्यावर ताट धुताना अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. काठाच्या बाहेरच्या बाजूला ठिपक्यांची ओळ. वाटलं, तारेच्या घासणीचा ओरखडा. उजेडात धरलं तर ठिपक्यांचा एक गोल होता आणि त्याला एक उभा दांडा. 'व'. वर रेघ नव्हती, पण 'व'च.

सकाळी ते नव्हतं. मी रोज माझं ताट स्वतः धुते, सवय आहे. म्हणजे ते मी जेवत असताना आलं होतं, ताट माझ्यासमोर असताना.

इथे वाचक म्हणतील, दाखवायचं ना त्यांना. कसं दाखवणार? त्या घरात पहिल्यांदा कोणाच्या ताटावर आपोआप अक्षर आलं, आणि ते माझ्या नावाचं... कोणालाही एकच गोष्ट वाटली असती. मला प्रार्थनेचा हॉल आठवला. मी ताट गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून वाढायला मदत करायच्या निमित्ताने ते स्वतःच काढून घेऊ लागले.

दुसरं अक्षर महिन्याभराने आलं. त्या दिवशी गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीला पाणी घालताना मला मातीत चाचांच्या बीपीच्या गोळ्या सापडल्या. दोन आठवड्यांच्या.

"गुलाबाचं बीपी आता अगदी नॉर्मल असेल," चाचा म्हणाले.

आणि मी ओरडले. म्हणजे खरंच ओरडले – तुम्हाला गंमत वाटते का, काही झालं तर चाचींनी कोणाकडे बघायचं, मी कोणाकडे बघायचं, वगैरे. संस्थेत मी कधी कोणावर रागावले नव्हते. रागवायला समोरचं माणूस उद्याही तिथेच असेल याची खात्री लागते. चाचांनी मुकाट्याने गोळी घेतली. मग आम्ही जेवलो. धुताना अंगठ्याखाली 'त्स'.

आता मी शास्त्रीय पद्धतीने घ्यायचं ठरवलं. फोनवर फोटो काढले. वहीत तारीखवार नोंदी केल्या. ताट सुटकेसमध्ये कुलूप लावून आठ दिवस ठेवलं, दुसऱ्या कोऱ्या ताटात जेवले – दोन्हींवर काही नाही. मग प्रयोग म्हणून चांगलं वागून पाहिलं. पेढे आणले. चाचींना ओढणी आणली. चाचांचं पेठेतल्या दिवसांचं सगळं ऐकून घेतलं, तेही तिसऱ्यांदा. एक ठिपकासुद्धा आला नाही.

चाचांनी केलं असेल? त्यांच्याने शर्टाचं बटण लागत नाही. चाचींनी? त्यांना वाचता येतं, पण हातोडीने त्यांनी आयुष्यात फक्त नारळ फोडलाय. मी झोपेत? डबा माळ्यावर, माळ्याला स्टूल लागतं आणि खालच्या मजल्यावर कुलकर्णी राहतात. कुलकर्णींना आमचा मिक्सर ऐकू येतो, चपलांचा आवाज ऐकू येतो, एकदा तर 'आपल्याकडे लसूण ठेचला जात आहे' असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. घरात छिन्नी ठोकली गेली असती तर कुलकर्णींनी कळवलं नसतं हे शक्यच नाही. माझ्या लेखी तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

तिसरं अक्षर लोणच्याच्या दिवशी आलं. नसरीनआपासाठी चाचींनी वर्षाचं लोणचं घातलं होतं, ती बरणी माझ्या हातून फुटली. संस्थेत असं झालं की बाई म्हणायच्या, "असू दे, लागलं नाही ना?" पाहुण्यालाही आपण तेच म्हणतो. चाचींनी कंबरेवर हात ठेवले आणि अर्धा तास मला झापलं. लक्ष कुठे असतं, हात आहेत का सुपल्या, नसरीनसुद्धा अशीच धांदरट, दोघी एकाच माळेचे मणी. तेल पुसताना मी रडत होते, आणि मला कळत नव्हतं की मला इतकं छान का वाटतंय. त्या दिवशी 'ला'.

व, त्स, ला. वर छप्पर नाही.

आणि त्याच आठवड्यात नसरीनआपाचा फोन आला, की तिची बदली पुण्याला झालीय आणि दीड महिन्याने, एका रविवारी, ती येईल.

मी राहत होते ती खोली तिची. चाचा-चाची मला काही म्हणाले नाहीत. पण मी लहानपणापासून एक नियम पाळत आले आहे: निघायला सांगण्याआधी निघायचं. सांगितल्यावर निघालं की आधीचे चांगले दिवसही खराब होतात. मी वारज्याला एका लेडीज हॉस्टेलमध्ये कॉट बघून ठेवली. नोकरीवर यायला दोन बस लागणार होत्या. रविवारी दुपारी जेवण झालं की सांगायचं, सुटकेस घ्यायची, आभार मानायचे. वाक्यंसुद्धा ठरवली होती. ताटाचं काय करायचं हे ठरत नव्हतं. ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवून निघून जायचं – कधीतरी सापडेल, तेव्हा मी समोर नसेन.

रविवारी नसरीनआपा आली. ठेंगणी, भरभर बोलणारी, आल्या आल्या चपला न काढता स्वयंपाकघरात घुसणारी. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ती सगळी ताटं काढून पुसत बसली होती, आणि माझं ताट तिच्या हातात होतं.

"अम्मी, हे कोणी केलं?"

चाचींनी ताट हातात घेतलं. काठ उजेडात धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"मी नाही केलं," मी म्हटलं. नऊ वर्षांच्या मुलीच्या आवाजात. "खरंच नाही. मी फोटो काढलेत, वहीत लिहिलंय..."

"ए, गप," नसरीनआपा म्हणाली. "चोरी केल्यासारखी काय बोलतेस?"

"अहो," चाचींनी आत हाक मारली. "जरा इकडे या. चष्मा घेऊन या."

चाचा आले. ताट मांडीवर घेतलं. कापणारा अंगठा त्या ठिपक्यांवरून हळूहळू फिरवला, डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा. खालून कुलकर्णींचा टीव्ही ऐकू येत होता, त्यावर कोणी तक्रार करत नाही.

"हा माझा हात आहे," चाचा म्हणाले.

"तुमचा कसा असेल? तुमच्याने कप धरवत नाही."

"मेहरून, चाळीस वर्षं मी हेच केलंय. 'ला'चा हा गाठीसारखा पिळा दुसरं कोणी घेत नाही. ठिपक्यांमधलं हे अंतर माझं. आणि रेघ बाकी ठेवलीय. दुसऱ्या कोणी आधी ओढली असती." त्यांनी चष्मा काढला. "कधी केलं ते मला माहीत नाही. पण काम माझं आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू केव्हापासून बघतेयस हे?"

"खिचडीपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"दुसऱ्याच्या ताटावर..." मी म्हटलं.

तेवढ्यात नसरीनआपा खोलीत जाऊन आली. "ही बॅग भरून कोण चाललंय?"

मला पाठ केलेली वाक्यं म्हणावी लागली. वारजे, कॉट, तुमची खोली, खूप खूप आभार.

चाचींनी शांतपणे ऐकलं. "वारज्याला," त्या म्हणाल्या. "बरं. तिकडे ताटं चांगली मिळतात का?"

"चाची..."

"नाही, माहिती असावी म्हणून विचारलं. दोन बस बदलून माणूस जेवायला जातं म्हणजे काहीतरी असेलच."

"आणि माझी खोली म्हणजे काय?" नसरीनआपा म्हणाली. "दोन खाटा बसतात तिथे. गेल्या महिन्यात अम्मीने फोनवर मापं घेऊन सांगितली, मी खाट ऑर्डर पण केलीय. मी घोरते, हे आधीच सांगते. नंतर तक्रार नको."

मापं गेल्या महिन्यात घेतली होती. मी घरात होते, चाची टेप घेऊन खोलीत फिरत होत्या, आणि मला वाटलं होतं की माझी कॉट काढायची तयारी चाललीय.

चाचांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "नसरीन, माळ्यावरचा डबा काढ."

"अब्बा, हात..."

"अर्धं काम मी कोणाचंच टाकलेलं नाही. काढ."

डब्यात हत्यारं होती, वर तेलाच्या फडक्याची घडी, घडीवर धूळ. चाचांनी ताट लाकडी पाटावर बसवलं, छिन्नी 'व'च्या डोक्यावर टेकवली. हात पानासारखा कापत होता. टोक अक्षरावरून घसरलं, पुन्हा घसरलं.

"वत्सला," ते म्हणाले. "मनगट धर. घट्ट नको. खांद्यावर हात ठेवतात तसं."

मी मनगट धरलं. चाचींनी ताट धरलं. हातोडी नसरीनआपाने मारली, कारण दोन्ही हात सांभाळणं चाचांना जमेना, ते फक्त "हां... हां... हलके" म्हणत होते. पाचव्या-सहाव्या ठोक्याला तिच्या फोनवर मेसेज आला. कुलकर्णी. 'रविवारी दुपारी ठोकाठोक चालू आहे. कृपया.'

नसरीनआपाने उत्तर पाठवलं, 'घरकाम चालू आहे. छप्पर घालतोय.'

रेघ पूर्ण झाली. चाचांनी ताट लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षांतलं सगळ्यात वाईट काम." मग ते फडक्याने पुसून चाचींकडे दिलं. चाचींनी त्यात आधी मला वाढलं.

याला आता वर्ष होत आलं. मी अजून तिथेच राहते. नसरीनआपा घोरते. सुटकेसमध्ये गोधड्या आहेत.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मी खूप विचार केला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं; ते म्हणाले, चाचांना काही आठवत नसेल. असेल. पण आठवत नाही म्हणून हात कापायचा थांबत नाही. ताट बघितलंत तर लगेच कळेल – तिन्ही अक्षरं इतकी सुबक आहेत की तशी आज पेठेत कोणी घालून देणार नाही, आणि वरची रेघ नागमोडी, एके ठिकाणी तुटलेली, 'ला'वरून पुढे घसरलेली. अक्षरं कोणी घातली ते मला माहीत नाही. रेघ आम्ही चौघांनी ओढली, त्याला साक्षीदार आहेत. लेखी तक्रारसुद्धा आहे.

कोणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. ताट प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी दुपारी जेवायलाच या. चाची नुसतं बघून कोणाला जाऊ देत नाहीत. फक्त एकदम तिघं-चौघं येऊ नका. पाहुण्यांची ताटं आता दोनच उरली आहेत.